बडोद्याचा चिझम कुठला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बडोद्यातल्या जुन्या इमारतींवर लेख आला आहे. लक्ष्मीविलास राजवाडा पुरा करणाऱ्या वास्तुविशारदाचं नाव त्यात 'रॉबर्ट चिशोल्म' असं छापलं आहे. पुढे एका वाक्यात हे 'इंग्लंडमधलं जुनं सरदार घराणं' असल्याचं आणि या आडनावाचे लोक 'आजही डोंगराळ भागात एकवटलेले' असल्याचं म्हटलं आहे. इमारतींविषयीचा मजकूर चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. आडनावाविषयीच्या त्या एका ओळीत मात्र उच्चार, देश आणि नातं या तिन्ही गोष्टी चुकल्या आहेत. बडोद्यातल्या मराठी घरांत ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या नावांचे कागद अजून निघतात आणि ते शोधणारे वाचकही आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी उच्चार. स्पेलिंग सी-एच-आय-एस-एच-ओ-एल-एम असलं तरी तो 'चिझम' असा आहे. यातला एल आणि दुसरा एच बोलताना येत नाहीत. झ 'माझा'मधला, 'माझी'मधला नव्हे. लंडनच्या चिझिक उपनगराच्या नावातही डब्ल्यू असाच गिळला जातो, आणि त्या नावाशी चिझमचं जवळचं नातं आहे. दोन्हींच्या पहिल्या भागात जुन्या इंग्रजीतला 'चीज' हा शब्द आहे. चिझिक म्हणजे चीज करणारी वाडी. चिझममधला 'होम' म्हणजे घर नव्हे, तर नदीकाठची सखल, हिरवी जमीन. चीज होईल इतकं दूध देणारी गुरं जिथे चरत ते कुरण, एवढाच त्या नावाचा अर्थ. सरदारकीचा त्यात वासही नाही.

हे कुरण स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवर, रॉक्सबर्गशरमध्ये, हॉइक गावाच्या पश्चिमेला काही मैलांवर रॉबर्टन पॅरिशमध्ये (म्हणजे एका चर्चच्या हद्दीत) आहे. तिथल्या वाड्याचं नाव आजही चिझम हाउसच आहे, फक्त स्पेलिंगच्या शेवटी एक जादा ई लागतो. (त्या वाड्यात आता सूफी विचारवंत इब्न अरबीच्या अभ्यासाचं केंद्र चालतं, हे वाचून मूळ चिझमांनी काय म्हटलं असतं कोण जाणे.) १२५४ साली पोप चौथ्या अलेक्झांडरच्या आज्ञापत्रात जॉन द चिझम हे नाव येतं. १२९६ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने स्कॉटलंडच्या जमीनदारांकडून निष्ठेची शपथ घेतली. ती यादी 'रॅगमन रोल' म्हणून ओळखली जाते आणि तिच्यातही या नावाचे लोक आहेत. नावाआधीचं 'द' म्हणजे 'अमुक गावचा'. नॉर्मन घराण्यातल्या 'चेझे' नावाच्या कुणी 'होम' नावाच्या सॅक्सन मुलीशी लग्न केलं आणि दोन नावं जुळून आडनाव झालं, अशी कथा जुन्या पुस्तकांत आढळते. गावाचं नाव समोर उभं असताना तिची गरज नाही.

म्हणजे नावाची भाषा जुनी इंग्रजी आणि जमीन स्कॉटलंडची. सीमेच्या दोन्ही बाजूंना त्या काळी साधारण एकच बोली होती, त्यामुळे यात विरोध नाही. पण 'इंग्लंडमधलं घराणं' म्हणणं चूक आहे.

डोंगराळ भागाशी या नावाचा संबंध जोडला गेला तो चौदाव्या शतकात, नोकरी आणि लग्नामुळे. लॉख नेसच्या काठी अर्कर्ट नावाचा किल्ला आहे. त्याचे किल्लेदार सर रॉबर्ट लॉडर यांच्या मुलीकडचा नातू रॉबर्ट चिझम १३५९ साली त्यांच्या जागी किल्लेदार झाला. पुढच्या पिढीतल्या अलेक्झांडर चिझमने अर्चलेसच्या वारसदार मुलीशी, मार्गारेटशी, लग्न केलं आणि तिच्याबरोबर स्ट्रॅथग्लासच्या खोऱ्यातली जमीन घरात आली. इनव्हर्नेसच्या पश्चिमेच्या या गेलिक बोलणाऱ्या मुलखात घराणं स्थिरावलं. तिथे त्यांचा प्रमुख नुसता 'द चिझम' म्हणून ओळखला जातो (हा 'द' मात्र इंग्रजीतला, 'तो एकमेव' अशा अर्थाचा). तिसरी एक शाखा मधल्या पट्ट्यात, पर्थशरच्या क्रॉमलिक्सला राहिली. डनब्लेनच्या बिशपपदावर १४८७ पासून धर्मसुधारणेपर्यंत तिच्यातलेच तीन जण एकामागून एक बसले.

बडोदेकरांना हा प्रकार नवा वाटू नये. गायकवाडांचं मूळ गाव पुणे जिल्ह्यातलं दावडी, नाव गाजलं गुजरातेत, आणि तिसरे सयाजीराव दत्तक आले ते नाशिककडच्या कवळाण्याहून. गायकवाड आडनावाचा प्रत्येक माणूस गादीचा नातलग असतो असं आपण कधी मानत नाही. चिझमांच्या बाबतीत मात्र लेखकाने नेमकं तेच मानलं आहे.

स्ट्रॅथग्लासमधल्या सामान्य कुळांना सोळाव्या-सतराव्या शतकापर्यंत कायमचं आडनाव नव्हतं. अमक्याचा मुलगा तमका, अशी बापा-आज्याची साखळी हीच ओळख असे. जमीन 'द चिझम'ची, लढाईला जायचं त्याच्या झेंड्याखाली आणि संरक्षणही त्याचंच. मग खंडाच्या यादीत, पुढे चर्चच्या वहीत, लिहिणाऱ्याने आडनाव म्हणून धन्याचंच नाव घातलं. अनेकांनी ते आपणहूनही घेतलं. त्यामुळे एकाच खोऱ्यातल्या दहा चिझम कुटुंबांत रक्ताचं नातं असेलच असं नाही. पुरुष वंशरेषेची वाय गुणसूत्र चाचणी अशा आडनावात वेगवेगळे गट दाखवते, आणि लोक हिरमुसतात. चाचणी चुकलेली नसते. आडनाव आणि वंश या दोन गोष्टी तिथे आधीपासूनच वेगळ्या होत्या. खुद्द प्रमुखांची थेट पुरुषरेषाही १८८७ साली संपली आणि पद मुलीच्या वंशाकडे, गुडन-चिझमांकडे गेलं.

१८०१ पासून स्ट्रॅथग्लासच्या मालकांनी मेंढ्यांसाठी खोरं मोकळं करायला घेतलं. दक्षिणेतले मेंढपाळ दर एकरी कुळांपेक्षा जास्त खंड देत, एवढं सरळ गणित त्यामागे होतं. त्याच वर्षी 'सेरा' आणि 'डव्ह' ही दोन जहाजं फोर्ट विल्यमहून माणसं भरून कॅनडातल्या पिक्टूला गेली. त्यांच्या प्रवासी याद्या शिल्लक आहेत आणि त्यांत स्ट्रॅथग्लासचे चिझम सापडतात. नोव्हा स्कोशियातल्या अँटिगोनिश परगण्यात आज हे आडनाव दाट आहे ते या लाटांमुळे. याचा परिणाम असा की १८८१ च्या जनगणनेवरून काढलेला नकाशा आपण बघतो तेव्हा खोरं आधीच अर्धं रिकामं झालेलं असतं. आडनाव उगवलं कुठे हे तो नकाशा सांगत नाही. कोण मागे उरलं, एवढंच त्यावरून कळतं.

बाकीच्या जगात हे नाव कसं पसरलं याचीही रक्ताशी गल्लत करू नये. टेक्सासहून कॅन्ससकडे गुरं हाकण्याच्या चिझम ट्रेलला ज्याचं नाव मिळालं तो जेसी चिझम बापाकडून स्कॉटिश, आईकडून चेरोकी होता. अमेरिकी काँग्रेसवर निवडून आलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री शर्ली चिझम (१९६८) माहेरची सेंट हिल. चिझम हे नवऱ्याचं आडनाव, आणि तो जमैकाचा. वेस्ट इंडीजमध्ये स्कॉटिश आडनावं मोठ्या प्रमाणात मळेवाले आणि मुकादमांकडून गुलाम कुटुंबांकडे गेली. त्यासाठी १८१७ ते १८३४ दरम्यानच्या गुलामांच्या नोंदवह्या पाहाव्या लागतात, कुळीचा इतिहास तिथे कामाचा नाही. ऑस्ट्रेलियाच्या पाच डॉलरच्या जुन्या नोटेवरची कॅरोलाइन चिझमही माहेरची जोन्स, नॉर्थॅम्प्टनची. तिचा नवरा आर्चिबाल्ड कंपनीच्या मद्रास सैन्यात अधिकारी होता आणि गोऱ्या सैनिकांच्या मुलींसाठी तिने आधी मद्रासलाच शाळा काढली होती.

आता नकाशांकडे. ब्रिटिश आडनावांचे बहुतेक नकाशे १८८१ च्या जनगणनेवर उभे आहेत, कारण ती स्वयंसेवकांनी सबंध उतरवून काढली आणि सर्वांना मिळाली. वाचताना लोक पहिली चूक करतात ती एकूण आकडा पाहण्याची. कोणतंही आडनाव घ्या, ग्लासगो आणि लंडनला मोठा आकडा येणारच, कारण माणसंच तिथे जास्त. दर लाखी प्रमाण काढावं. समजा, बारा हजार वस्तीच्या परगण्यात एका आडनावाचे बारा लोक आहेत. तिथे प्रमाण लाखामागे शंभर येतं. पाच लाखांच्या शहरात दोनशे असतील तर ते चाळीस. आकड्याने शहर मोठं दिसतं, प्रमाणाने परगणा. पण इथे उलटी चूकही होते. त्या बारा माणसांत एकच मोठं कुटुंब असेल, आणि ते पाच वर्षांपूर्वी रेल्वेच्या कामासाठी आलेलं असेल, तर नकाशावरचा तो गडद ठिपका फसवा आहे. म्हणून घरं मोजावीत, डोकी नाहीत, आणि प्रत्येक घरातल्या सर्वांत वयस्क माणसाचं जन्मगाव बघावं. जनगणनेत माणूस त्या रात्री जिथे झोपला तिथे मोजला जातो, हे विसरता कामा नये.

चिझमांचं अशा रीतीने प्रमाण काढलं की दोन ठिकाणं वर येतात: इनव्हर्नेसशर आणि रॉक्सबर्गशर. ही दोन्ही केंद्रं एकमेकांपासून लांब आहेत आणि त्यांना एकच 'डोंगराळ भाग' म्हणता येत नाही. इनव्हर्नेसशर हा परगणाही प्रचंड होता. स्काय बेट आणि पलीकडची बेटं त्यातच मोडत. म्हणून परगण्यावर न थांबता किलमोरॅक आणि किलटार्लिटी या दोन पॅरिशपर्यंत खाली उतरावं. स्ट्रॅथग्लास या दोहोंत विभागलेलं आहे.

ग्लासगोत सापडलेला चिझम सीमेवरचा की खोऱ्यातला, हे ओळखायची एक सोपी खूण १८९१ च्या जनगणनेत आहे. स्कॉटलंडच्या पत्रकात गेलिक भाषेचा रकाना होता. तिथे जी (गेलिक) हे अक्षर असेल, किंवा जी आणि ई (इंग्रजी) दोन्ही असतील, तर कुटुंब बहुधा उत्तरेचं. रकाना रिकामा असेल तर मात्र निष्कर्ष काढू नये. शहरात जन्मलेली मुलं गेलिक विसरत.

कागद शोधण्याचा क्रम अलीकडून मागे असा ठेवावा. स्कॉटलंडच्या अधिकृत अभिलेखांचं 'स्कॉटलंड्स पीपल' हे संकेतस्थळ आहे. नावाचा शोध तिथे फुकट असतो, मूळ पानाच्या प्रतिमेसाठी पैसे पडतात. सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून आहे, इंग्लंडमध्ये १ जुलै १८३७ पासून. उशिरा आली तरी स्कॉटिश नोंद जास्त बोलते. मृत्यूच्या दाखल्यात मृताच्या आई-वडिलांची नावं, आईच्या माहेरच्या आडनावासह, असतात. त्या काळच्या इंग्लंडच्या दाखल्यात ती नसतात. १८५५ या एकाच वर्षीच्या जन्मनोंदीत आई-वडिलांची वयं, जन्मगावं, लग्नाची तारीख आणि आधीची मुलंही आहेत. हा व्याप कारकुनांना झेपेना, म्हणून पुढच्याच वर्षी तो कमी केला. थोरल्या भावाचा दाखला १८५५ चा निघाला तर धाकट्याचाही प्रश्न सुटतो, तेव्हा भावंडांचे दाखले जरूर पाहावेत.

१८४१ ची जनगणना जपून वापरावी. पंधरा वर्षांवरच्यांची वयं तिच्यात पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची होती, म्हणजे चौतिसाचा माणूस तीस होतो. नातं लिहिलेलं नाही, आणि जन्म त्याच परगण्यात झाला की नाही एवढंच विचारलं आहे. जन्माची पॅरिश १८५१ पासून मिळते.

१८५५ च्या मागे चर्चच्या वह्या. इथे चिझमांची शोधाशोध सर्वांत जास्त अडते. स्ट्रॅथग्लासमधली बरीच कुटुंबं कॅथलिक राहिली आणि स्कॉटलंडच्या अधिकृत चर्चच्या बाप्तिस्मा-वह्यांत त्यांची नोंदच नाही. लोक किलमोरॅकची वही चाळतात, नाव सापडत नाही, आणि आपलं कुटुंब दुसरीकडचं असं ठरवून मोकळे होतात. कॅथलिक वह्या त्याच संकेतस्थळावर वेगळ्या विभागात आहेत. त्या उशिरा सुरू होतात, पण दुसरा मार्ग नाही. नावांची रीत मदतीला येते: पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, पहिल्या मुलीला आईच्या आईचं. पुरावा म्हणून ती वापरू नये, कुठे बघायचं एवढं सुचवण्यापुरतीच धरावी. अलेक्झांडर, कॉलिन, रॉडरिक ही नावं खोऱ्यात इतकी आहेत की एकाच पिढीत एकाच नावाचे पाच जण सापडतील.

स्पेलिंगचा घोळ उच्चारातून येतो. कारकून ऐकलं ते लिहीत गेला: एल नसलेलं, दुसरा एच नसलेलं, 'चिझम'चं सरळ 'चिसम' किंवा 'चिस्म' झालेलं. अमेरिकेत हे विशेष. संगणकावर उच्चारसाम्याचा शोध लावला तरी हे सुटत नाही. त्यासाठीच्या साउंडेक्स पद्धतीत मूळ स्पेलिंगला सी-२४५ हा संकेत मिळतो आणि एल गळालेल्या रूपांना सी-२५०. एका संकेताने शोधलं की दुसरी रूपं सुटतात, म्हणून दोन्ही चालवावेत. किंवा तारांकन, म्हणजे कोणत्याही अक्षरांच्या जागी चालणारी खूण, वापरावं: सी, एच, तारांकन, एस, तारांकन, एम, तारांकन. यात सगळी रूपं येतात. ख्रिसमस आडनावाची माणसंही जाळ्यात येतात, पण ती हाताने वगळता येतात.

हिंदुस्थानात आलेल्यांसाठी ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या कागदांतली एन मालिका बघावी. एन-१ बंगाल, एन-२ मद्रास, एन-३ मुंबई. बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या या नोंदी १९४८ पर्यंतच्या आहेत. बडोद्याची छावणी मुंबई सैन्याची, त्यामुळे इथल्या माणसांसाठी एन-३. पण आपल्या वास्तुविशारदासारखा मद्रासहून आलेला असेल तर एन-२ आधी. या वह्या म्हणजे लंडनला पाठवलेल्या प्रती आहेत. इथल्या पाद्र्याने प्रत पाठवली नाही तर तिथे नोंद नाही, मग मूळ चर्चची वही किंवा थडग्यावरचा लेख एवढंच उरतं. कॅथलिकांच्या प्रती तर आणखी तुटक आहेत.

राहिला रॉबर्ट फेलोज चिझम. त्याचा जन्म १८४० साली लंडनमध्ये झाला. मद्रासचं सेनेट हाउस आणि तिरुवनंतपुरमचं नेपियर म्युझियम त्याचंच. लक्ष्मीविलासचा आराखडा मेजर चार्ल्स मँटचा, ज्याचा नवा राजवाडा कोल्हापूरकर रोज बघतात. १८८१ मध्ये मँट वारले आणि काम चिझमकडे आलं, १८९० मध्ये पुरं झालं. बडोदा कॉलेजचा घुमट, म्हणजे आजची विद्यापीठाची कला शाखा, हीही चिझमचीच रचना. हे सगळं कागदावर आहे. लंडनमध्ये जन्मलेल्या माणसाला निव्वळ आडनावावरून स्ट्रॅथग्लासच्या प्रमुखांच्या घरात बसवण्याला मात्र आधार नाही. त्याच्या घुमटांत स्कॉटलंडचा डोंगर शोधायचा मोह लेखकाला झालेला दिसतो. कॉलेजच्या घुमटाचा गुरू विजापुरात आहे, तिथला गोल घुमट.

लेखाची पुस्तिका निघणार असल्याचं शेवटी छापलं आहे. तिच्यात नाव 'चिझम' असं करावं, 'इंग्लंडमधलं जुनं सरदार घराणं' ही ओळ काढून 'जन्म लंडन, १८४०' एवढंच ठेवावं, आणि मँट यांचं नाव राजवाड्याच्या छायाचित्राखालीही यावं. तिथे सध्या एकट्या चिझमचंच आहे.

आपला,
जुन्या दप्तरांचा एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदे